एचजीटी ४८ : मधुमेही रुग्णाच्या सेवेचं सिम्युलेशन स्किल लॅबमध्ये कसं उभं करायचं

व्हायव्हात माझ्या एका विद्यार्थिनीनं हायपोग्लायसेमियाची, म्हणजे रक्तातली साखर फार घसरण्याची, लक्षणं घडाघडा सांगितली होती. घाम, थरथर, धडधड, भूक, चिडचिड, गोंधळलेपणा. साखर ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज द्यायचं आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं, हेही तिनं न अडखळता सांगितलं. दीड महिन्यानं सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग असताना तिच्याच रुग्णाला दरदरून घाम फुटला. तिनं एचजीटी (बोटाच्या थेंबभर रक्तातली साखर तपासणं) केली, आकडा पाहिला आणि ग्लुकोमीटर हातात धरून सिस्टरांना शोधत वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला गेली. सिस्टर ड्रेसिंगमध्ये अडकल्या होत्या. इकडे रुग्णाच्या लॉकरवर साखरेची पुडी तशीच पडलेली होती. मी नेमकी तेव्हा वॉर्डात पोचले, साखरपाणी पाजलं, रुग्ण सावरला. नंतर तिला शांतपणे विचारलं, की तू साखर का दिली नाहीस? ती म्हणाली, "मॅडम, मला वाटलं, विचारल्याशिवाय काही द्यायचं नसतं."

पुस्तकातलं सगळं तिला येत होतं. त्या क्षणी हात पुढे झाला नाही, एवढंच. हात पुढे व्हायला तो प्रसंग एकदा तरी अंगावर आलेला असावा लागतो, आणि तो पहिल्यांदा खऱ्या रुग्णावर येऊ नये, यासाठी सिम्युलेशन, म्हणजे लॅबमध्ये उभा केलेला सरावाचा प्रसंग. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात स्किल लॅब आणि सिम्युलेशनला जागा दिलेली आहे. पण बऱ्याच कॉलेजांत लॅब म्हणजे काचेच्या कपाटात ठेवलेलं मॅनिकिन (सरावाचा माणसाएवढा पुतळा) आणि तपासणीच्या आधी पुसलेलं टेबल. हा लेख ती लॅब चालवणाऱ्या शिक्षिकांसाठी आहे, विशेषतः ज्यांच्याकडे बोलणारं, घाम येणारं, लाखांच्या घरातलं मॅनिकिन नाही त्यांच्यासाठी. १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या रुग्णालयासाठी मार्था चेस यांनी बनवलेली माणसाच्या उंचीची बाहुलीसुद्धा बोलत नव्हती. तिच्यावर परिचारिकांच्या पिढ्या शिकल्या.

मधुमेहापासूनच का सुरुवात करायची? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिॲब पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि आपल्या शेजारच्या गोव्यात हे प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. ऑर्थो असो, प्रसूती असो, डोळ्यांचा वॉर्ड असो, मधुमेही रुग्ण सगळीकडे भेटतो.

आधी मोजकी उद्दिष्टं

नव्या शिक्षिकांची हमखास होणारी चूक म्हणजे एकाच प्रसंगात हायपो, इन्सुलिनचं तंत्र, पायाची तपासणी आणि आहाराचा सल्ला, सगळं कोंबणं. त्यातून मुलींच्या हाती काहीच लागत नाही. एक प्रसंग, त्यात दोन किंवा तीन उद्दिष्टं, आणि प्रत्येक उद्दिष्ट डोळ्यांनी दिसेल असं लिहिलेलं. "हायपोग्लायसेमियाचं व्यवस्थापन समजेल" हे दिसत नाही. "घाम दिसल्यापासून दोन मिनिटांत एचजीटी करेल आणि शुद्धीत असलेल्या रुग्णाला कुणाची वाट न पाहता ग्लुकोज देईल" हे दिसतं, मोजताही येतं. मात्र हे लिहिण्याआधी तुमच्या संलग्न रुग्णालयाचा हायपोचा प्रोटोकॉल मागून घ्या. विद्यार्थिनीनं स्वतःहून काय करायचं आणि कशासाठी ऑर्डर घ्यायची, हे त्यात स्पष्ट नसेल तर आधी मेट्रन मॅडमशी बसून ते ठरवा. लॅबमध्ये एक आणि वॉर्डात दुसरंच, असं झालं तर मुली वॉर्डाचंच ऐकतात.

प्रसंग लिहिणं : शांताबाईंची संकष्टी

मी वापरते तो प्रसंग पूर्ण देते. नावं बदला, गाव बदला, पण त्यातले खाचखळगे काढून टाकू नका.

शांताबाई, वय ५८, बारा वर्षांपासून मधुमेह. उजव्या पायाच्या जखमेच्या ड्रेसिंगसाठी सर्जिकल वॉर्डात, कॉट नंबर ७. सकाळी ३०/७० प्रीमिक्स इन्सुलिन (लवकर आणि मध्यम काळ चालणारं एकत्र) २२ युनिट, संध्याकाळी १४. आज संकष्टी चतुर्थी. त्यांनी कुणालाच सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलेलंच नाही. नाइटच्या सिस्टरांनी सव्वासातला इन्सुलिन दिलं आणि मग ओव्हर (पुढच्या पाळीच्या सिस्टरांकडे रुग्ण सोपवणं) झाली. आठ वाजता पोहे आले, ते शांताबाईंनी झाकून बाजूला ठेवले. उपास रात्री चंद्रोदयाला सुटणार. आता सकाळचे ११ वाजून १० मिनिटं झाली आहेत.

रुग्णालयात हायपो बहुतेक वेळा असाच येतो. इन्सुलिन देणारी एक, जेवण वाटणारी दुसरी, ताट उचलणाऱ्या मावशी तिसऱ्याच, आणि तिघींचा एकमेकींशी संबंध नाही. ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेला रुग्ण, नाश्त्याच्या वेळेत सोनोग्राफीला नेलेला रुग्ण, उलटी झालेला रुग्ण, सगळीकडे हीच साखळी तुटलेली असते. म्हणून प्रसंगात ती तुटलेली कडी दिसायला हवी. लॉकरवर झाकलेली पोह्यांची प्लेट, गणपतीचा छोटा फोटो, त्यापुढे दूर्वांची जुडी. केस पेपरवर इन्सुलिन दिल्याची वेळ आणि सही. नाश्त्याची नोंद कुठेच नाही. मुलींना यातलं काहीही सांगायचं नाही. ज्या मुलीची नजर प्लेटवर जाते तिच्यात नर्स घडायला लागली आहे, असं मी समजते.

आता प्रसंगाच्या वाटा. त्या आधीच लिहून ठेवा, म्हणजे रुग्ण झालेली व्यक्ती गडबडणार नाही.

पहिली तीन मिनिटं शांताबाई नुसत्या वैतागलेल्या. "मला झोपू दे गं. डोकं दुखतंय." कपाळावर घाम, हात गार, नाडी १०८, रक्तदाब १३०/८०. एचजीटी केली तर आकडा ४८.

ग्लुकोज पुढे केलं की त्या हात झटकतात. "उपास आहे माझा. काही नको." हा या प्रसंगाचा गाभा. इथे दहापैकी सात-आठ मुली थबकतात, हा माझा अनुभव. काही जणी नुसतं "घ्या ना काकू, घ्या ना" करत राहतात. एखादीला मात्र घरचं आठवतं आणि ती म्हणते, "काकू, साखरपाणी उपासाला चालतं. घ्या, उपास मोडत नाही." मग शांताबाई घेतात. एवढ्या एका वाक्यावर रुग्ण वाचतो. जिला उपासाचं माहीत नसतं, तिनं सुनेला मदतीला बोलावलं तरी चालेल, शांताबाईंनी तेव्हाही घ्यायचं.

ग्लुकोज घेतलं तर १५ मिनिटांनंतरची एचजीटी ८२. पण इथे प्रसंग संपत नाही. प्रीमिक्समधलं मध्यम काळ चालणारं इन्सुलिन अजून अंगात काम करतंय, दुपारपर्यंत साखर पुन्हा घसरू शकते. म्हणून लगेच काहीतरी पोटात जायला हवं, तेही उपासाला चालेल असं : राजगिऱ्याचे लाडू आणि दूध, केळं, साबुदाण्याची खिचडी. हे विसरलं तर रुग्णानं पुन्हा म्हणायचं, "परत कसंतरी होतंय."

सहा मिनिटांत तोंडावाटे काहीच गेलं नाही तर शांताबाईंची जीभ जड होते, डोळे मिटतात, हाकेला ओ देत नाहीत. एचजीटी ३१. आता तोंडात काहीही घालायचं नाही, साखर नाही, मध नाही, श्वासनलिकेत जाईल. मदतीला हाक, एका कुशीवर वळवणं, डॉक्टरांना बोलावणं, आणि प्रोटोकॉलप्रमाणे शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली, म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. शिरेत सुई नीट आहे की नाही हे आधी तपासलं का, हे चेकलिस्टमध्ये जरूर ठेवा. इतकं तीव्र डेक्स्ट्रोज शिरेबाहेर गेलं तर तिथली त्वचा खराब होते. शीर मिळतच नसेल आणि उपलब्ध असेल तर ग्लुकॅगॉन १ मिलिग्रॅम स्नायूत.

सामान

रुग्ण म्हणून माणूसच घ्या. आमच्याकडे लॅबच्या सहायक मावशीच शांताबाई होतात आणि त्यांच्याइतकं "उपास आहे माझा" कुणालाच म्हणता येत नाही. दंडावर चादरीखाली आयव्हीचं सरावाचं पॅड बांधायचं, म्हणजे सुई फक्त पॅडमध्ये जाईल. घामासाठी स्प्रेच्या बाटलीत पाणी आणि थोडं ग्लिसरीन, कपाळ आणि मानेवर. पाणी लगेच सुकतं, ग्लिसरीनमुळे थेंब टिकतात. प्रसंगाआधी मिनिटभर बर्फाच्या पाण्याच्या पिशवीवर हात ठेवला की तळवे गार लागतात. मुलीनं हात धरला आणि तो गार लागला की तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं, ते कुठल्याही स्लाइडनं उमटत नाही.

ग्लुकोमीटर खरा, पट्ट्या मुदत संपलेल्या चालतील, पण रुग्ण झालेल्या व्यक्तीच्या बोटाला टोचायचं नाही. बोटाला रबरी टोपण घालायचं. मुलीनं हात धुणं, रुग्णाचं बोट स्वच्छ करणं, कडेला टोचणं, पट्टी लावणं हे सगळं करून दाखवलं की मगच तुम्ही आकड्याचं कार्ड पुढे करायचं. पायऱ्या गाळल्या तर कार्ड नाही. बोटाला फळाचा रस किंवा साखर लागलेली असेल तर आकडा खोटा जास्त येतो, हे डेब्रीफिंगला (प्रसंगानंतरच्या चर्चेला) उपयोगी पडतं.

ट्रेमध्ये मी मुद्दाम एक सापळा ठेवते. इन्सुलिनची ४० युनिट प्रति मिलीची व्हायल (औषधाची छोटी बाटली) आणि तिच्याशेजारी लाल टोपणाच्या सिरिंजबरोबर नारिंगी टोपणाचीही एक सिरिंज. आपल्याकडे व्हायल बहुतेक ४० च्या, पेनच्या कार्ट्रिज १०० च्या, आणि १०० युनिटच्या काही व्हायलही मिळतात, म्हणून हा घोळ खरोखर होतो. हा हिशेब फळ्यावर करून घ्या. ४० ची व्हायल, १०० ची सिरिंज, २० च्या रेघेपर्यंत ओढलं : ०.२ मिली, म्हणजे प्रत्यक्षात फक्त ८ युनिट. उलटं केलं, १०० ची व्हायल आणि ४० ची सिरिंज, तीच २० ची रेघ : ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट. पहिल्या चुकीनं साखर चढेल, दुसरीनं रुग्ण जाऊ शकतो. लाल टोपण ४० ला, नारिंगी १०० ला, हे एका वाक्यात सांगता येतं. पण शांताबाईंच्या संध्याकाळच्या १४ युनिटची तयारी करताना स्वतःचा हात नारिंगीकडे गेला आणि शेजारच्या मुलीनं मनगट धरलं, की ते आयुष्यभर लक्षात राहतं. हा भाग मुख्य प्रसंगात घालू नका, त्याच दिवशी वेगळ्या टेबलावर दहा मिनिटांत घ्या.

सुरुवातीची दहा मिनिटं

साठ जणींचा वर्ग असेल तर सहा-सहाचे दहा गट. प्रत्येकाला साधारण तास, दोन दिवस जातात. तेवढे द्या. गटातली एक मुख्य परिचारिका, एक तिच्या मदतीला, एक शांताबाईंची सून, तिघी निरीक्षक. निरीक्षकांना नुसतं बसवू नका. एकीकडे वेळेची नोंद, दुसरीकडे रुग्णाशी झालेला संवाद, तिसरीकडे औषध आणि सुरक्षितता.

प्रसंगाआधी मुलींना खोली दाखवा. काय खरं, काय लटकं, मदतीला हाक कशी मारायची, फोन कुठे आहे. आणि तीन गोष्टी तोंडानं स्पष्ट सांगा : आजच्या कामाला मार्क नाहीत, इथे घडलेलं खोलीबाहेर जाणार नाही, आणि "सिम्युलेशन थांबवा" असं कुणीही म्हटलं तर सगळे जागच्या जागी थांबतील. रुग्ण झालेल्या मावशींनाही तो अधिकार आहे, हे सगळ्यांसमोर सांगा. ज्या मुलीला हसं होण्याची भीती वाटते ती काही करत नाही, फक्त मॅडमकडे बघते.

प्रसंग चालू असताना

तुम्ही बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड. मुलगी चुकीच्या वाटेनं चालली की जीभ शिवशिवते. पण तुम्ही "अगं, आधी एचजीटी" म्हणालात की पुढची सगळी मिनिटं ती तुमच्या इशाऱ्याची वाट पाहत काढते. मदत द्यायचीच असेल तर रुग्णाच्या तोंडून किंवा सुनेच्या तोंडून द्या : "सिस्टर, सासूबाईंनी सकाळपासून काही खाल्लं नाही हो." मुलगी तुमच्याकडे वळून पाहू लागली तर कागदावर नजर ठेवा.

१५ मिनिटांची वाट पूर्ण पाहणं लॅबमध्ये परवडत नाही, पण ती लगेच उडवूही नका. निदान तीन मिनिटं खरोखर थांबू द्या, मग घड्याळ पुढे करा. ग्लुकोज दिल्यावर रुग्णाजवळ बसून राहायचं, निघून जायचं नाही, हे त्या तीन मिनिटांत शिकलं जातं. काही जणी रिकाम्या हातानं उभ्या राहतात, एखादी शांताबाईंचा घाम पुसते. दोन्ही लिहून ठेवा.

शेवटी फोन. आरएमओंना (निवासी डॉक्टरांना) काय सांगायचं, याचा सराव आधी झालेला असेल तरी फोन कानाला लागला की वाक्यं पळतात. चांगला फोन असा असतो : "सर, सर्जिकल वॉर्डातून तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी बोलतेय. कॉट ७, शांताबाई, यांची ११ वाजून १२ मिनिटांनी एचजीटी ४८ होती. घाम होता, शुद्धीत होत्या. सव्वासातला ३०/७० बावीस युनिट दिलंय, उपासामुळे नाश्ता झालेला नाही. ग्लुकोज पाजलं, १५ मिनिटांनी ८२ आहे, आता लाडू आणि दूध देतेय. तुम्ही येऊन पाहाल का? आणि संध्याकाळच्या डोसचं काय करायचं?" काय झालं, मागचं काय, आता काय दिसतंय, तुमच्याकडून काय हवं. शेवटचा प्रश्न बहुतेक जणी विसरतात.

डेब्रीफिंग

प्रसंग १२ ते १५ मिनिटांचा, डेब्रीफिंग निदान अर्ध्या तासाचं. वेळ कमी पडला तर प्रसंग छोटा करा, डेब्रीफिंग नको. शिकणं इथे होतं. कॉटपासून दूर, खुर्च्या गोल मांडून, तुमचीही खुर्ची त्याच गोलात.

पहिला प्रश्न भावनेचा : "आत्ता कसं वाटतंय?" मुख्य परिचारिका झालेल्या मुलीला आधी बोलू द्या. कधी ती रडते. रडू द्या, पाणी द्या, घाई करू नका. मग घडलं काय ते क्रमानं, निरीक्षकांच्या नोंदींवरून. त्यानंतर का घडलं. इथे "तू साखर का दिली नाहीस?" असं विचारलंत तर ती फक्त माफी मागेल. मी आधी काय पाहिलं ते सांगते, मग मला काय वाटलं ते, मग विचारते : "त्यांनी हात झटकला तेव्हा तू ग्लास परत ट्रेमध्ये ठेवलास, हे मी पाहिलं. मला काळजी वाटली, कारण साखर ४८ होती. तुझ्या मनात तेव्हा काय चाललं होतं?"

यावर आलेलं एक उत्तर मी विसरलेले नाही. "मॅडम, आमच्या आजीला उपासाला जबरदस्ती केलेली चालत नाही. ती दोन दिवस बोलत नाही." म्हणजे ती घाबरली नव्हती, तिला रुग्णाचा मान राखायचा होता. मग गटानंच चर्चा केली, की मान राखूनही साखर कशी देता येईल, आणि कडक निर्जळी असेल तर काय. कुणी म्हणालं, सुनेला पुढे करू. कुणी म्हणालं, आजाऱ्याला उपासाची सूट असते हे घरातलं वडीलधारं माणूस सांगेल. मी यातलं काहीही वर्गात शिकवलेलं नव्हतं.

शेवटचा प्रश्न कायम एकच : "उद्या वॉर्डात गेल्यावर कुठली एक गोष्ट वेगळी करशील?" उत्तर वहीत लिहून घ्या. "इन्सुलिन देण्याआधी जेवणार आहात ना, आज उपास आहे का, हे विचारेन" असं त्यात आलं की मला बरं वाटतं. मग शक्य असेल तर दुसऱ्याच दिवशी तोच प्रसंग भूमिका बदलून पुन्हा घ्या.

सिम्युलेशन वॉर्डाची जागा घेऊ शकतं का, असं बऱ्याच प्राचार्य विचारतात. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले तरी विद्यार्थ्यांच्या तयारीत फरक आढळला नाही. मात्र तिथल्या शिक्षकांना डेब्रीफिंगचं रीतसर प्रशिक्षण दिलेलं होतं. ते नसेल तर हा आकडा पुढे करू नये.

पुढचे प्रसंग

डीकेए (इन्सुलिनअभावी रक्तात आम्ल वाढून होणारी गंभीर अवस्था) चौथ्या वर्षासाठी ठेवा. टाइप १ मधुमेहाचा होस्टेलवरचा १७ वर्षांचा मुलगा, तापात जेवण जात नाही म्हणून इन्सुलिनही बंद केलेलं, खोल आणि भरभर श्वास. मुलींचा हात आधी इन्सुलिनकडे जातो. तिथे थांबवणारी माहिती पोटॅशियमच्या रिपोर्टमध्ये ठेवा : सलाईन लगेच सुरू, पण पोटॅशियम कमी असेल तर ते भरून येईपर्यंत इन्सुलिन नाही. सिरिंज पंपाचं गणितही इथेच. ४० च्या व्हायलमधून रेग्युलर इन्सुलिन १.२५ मिली म्हणजे ५० युनिट, सलाईन घालून ५० मिली केलं की एका मिलीत एक युनिट. ५० किलोच्या रुग्णाला तासाला किलोमागे ०.१ युनिट म्हणजे ५ मिली.

पायाच्या तपासणीला मोठा प्रसंग लागत नाही, एकमेकींवर करता येते. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (पायाची संवेदना तपासायचा नायलॉनचा धागा) वाकेपर्यंत दाबायचा, रुग्णाचे डोळे मिटलेले, भेगा आणि घट्ट्यांवर टेकवायचा नाही.

घरी सोडतानाचं शिकवणं मात्र मला फार मोलाचं वाटतं. सत्तरीचे आजोबा, नजर अधू, घरी फ्रिज नाही. न उघडलेली व्हायल २ ते ८ अंशांत ठेवायची हे पाठ असलेल्या मुलीला आजोबा विचारतात, "माठाजवळ ठेवली तर चालंल का?" वापरात असलेली व्हायल उन्हापासून दूर, गार जागी साधारण चार आठवडे टिकते, ओल्या मातीच्या भांड्यात पिशवीत बांधून ठेवता येते, हे तिनं त्यांच्या भाषेत सांगायचं आणि मग त्यांच्याकडूनच वदवून घ्यायचं.

आवरताना

२०१४ मध्ये अमेरिकेत सरावासाठी बनवलेलं सलाईन खऱ्या रुग्णांना चुकून दिलं गेलं. कित्येकांना थंडी वाजून ताप आला, काहींना भरती करावं लागलं. म्हणून इन्सुलिन म्हणून भरलेल्या प्रत्येक व्हायलवर लाल शाईत मराठीत "फक्त सरावासाठी" लिहा, आणि लॅबचा ट्रे वॉर्डात जाणार नाही, वॉर्डाचा लॅबमध्ये येणार नाही, हा नियम दारावर लावा. दिवस संपला की व्हायल मोजून रजिस्टरला आकडा, सुया शार्पच्या डब्यात, नारिंगी आणि लाल टोपणाच्या सिरिंज वेगवेगळ्या खणांत, कुलूप, सही.